मापासाठी चप्पल

माणसाला एखादी सवय जडली की ती त्याची अक्कल कधी खाऊन टाकते ते त्याचं त्यालाही कळत नाही. मोजणीदाराचं तसंच झालं. अडतीस वर्षं जमीनमोजणीच्या खात्यात काढली, निवृत्त होऊन सहा वर्षं लोटली, तरी गडी कोपऱ्यावर भाजी आणायला निघाला की पावलं मोजत जाणार. गल्लीत त्याला सगळे फूटपट्टी म्हणत, तेही तोंडावर. त्याला राग यायचा नाही, उलट बरं वाटायचं. "आकडा चुकला तर एकाचं स्वयंपाकघर दुसऱ्याच्या हद्दीत जातं," असं तो कुणी विचारो न विचारो, सांगत सुटायचा.

त्या दिवशी सकाळी नऊला चहाचा कप घेऊन तो कॉम्प्युटरपुढे बसला आणि त्याने आपलं पान उघडलं. पानाचं नाव 'दगडांची वही'. जुन्या काळी खात्याने मोजणीसाठी जागोजाग दगड रोवले होते, गुडघाभर उंच, माथ्यावर त्रिकोण कोरलेले. आता ते कुणाच्या खिजगणतीतही नाहीत. हा निवृत्तीनंतर ते शोधत गावोगाव हिंडायचा, फोटो काढायचा आणि पानावर चढवायचा. फोटो काढला की फोन त्याच्या पोटात जागा लिहून ठेवतो, आणि पान ती जागा वाचून नकाशावर टाचणी टोचतं. दहा पावलांच्या आत बरोबर. पान कुणालाही दिसायचं, पण बघणारे सगळे मिळून बेचाळीस, बहुतेक त्याच्यासारखेच, पेन्शनीत निघालेले आणि घरात अडगळ झालेले.

काल संध्याकाळी त्याने दोनशे चौदावा दगड चढवला होता. त्याच्याखाली रात्री पावणेबाराला कुणीतरी लिहिलं होतं: "छान सापडला, बाबा. चप्पल आता तोकडी होत असेल ना?"

कप बशीत टेकवताना निम्मा चहा टेबलावर सांडला. त्याला बाबा म्हणणारी माणसं जगात दोनच. एक त्याची लेक. ती असलं काही लिहिणं शक्य नव्हतं, कारण सात महिने झाले, ती इंटरनेटवर कुठेच नव्हती. दुसरा जावई.

जावई म्हणजे तोंडात साखर. मोठ्यांशी बोलताना आवाज कधी चढायचा नाही. चार वर्षांत लेकीचा डावा हात दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा त्याने दवाखान्यात सांगितलं, जिन्यावरून पडली. तिसऱ्या वेळी त्याने पोटच्या पोरीसमोर, ठमीसमोर, लेकीचं डोकं दारावर आपटलं आणि त्याच गोड आवाजात म्हणाला, "गेलीस तर शोधून काढीन. मग दोघींनाही ठेवणार नाही." हे ऐकूनसुद्धा ती गेली, म्हणून तर जिवंत राहिली. मदतकेंद्रातल्या ताईंनी तिला आणि ठमीला दूरच्या, त्या स्वतः राहतात त्या शहरात नेलं, इस्पितळाच्या कपडेधुलाईत काम मिळवून दिलं, चौथ्या मजल्यावर एक खोली बघून दिली. तो पत्ता ताईंना ठाऊक आणि या म्हातारा-म्हातारीला. बस्स.

तेव्हा ताईंनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं. फोनमधलं लोकेशन बंद करा. तिथला एकही फोटो कुठे चढवू नका, चेहरा नसला तरी नको. मोजणीदार हसला होता. "ताई, उपग्रहावरून जागा काढायचं यंत्र मी दहा वर्षं खांद्यावर वाहिलंय. मला काय शिकवता?" असे नाकाने कांदे सोलले होते त्याने.

आणि खरंच, भेटायला गेला तेव्हा किती जपून गेला! दोन बस बदलल्या, फोन एअरप्लेन मोडवर टाकला, टोपी डोळ्यांवर ओढली. पण इमारतीच्या मागच्या भिंतीत अर्धा पुरलेला दगड दिसला आणि सगळं मुसळ केरात गेलं. हा दगड कुठल्याच नोंदीत नव्हता. अडतीस वर्षांत खात्यातल्या कुणाला न सापडलेला दगड! फोटो तर काढायलाच हवा. बरं, मोजणीवाल्याचा फोटो म्हणजे शेजारी माप हवं, त्याशिवाय दगड केवढा ते कळणार कसं? पट्टी घरी राहिलेली. ठमी तिथेच अनवाणी खेळत होती, तिची एक चप्पल त्याने दगडाला टेकवून ठेवली. पिवळी चप्पल, पट्ट्यावर एका डोळ्याचं बदक. फोन नेटवर्कपासून तुटलेला असला तरी उपग्रहांपासून तुटत नाही, ही गोष्ट जगात कुणाला माहीत असेल तर ती या माणसाला.

तीन आठवडे त्याने कळ काढली. मग काल म्हटलं, दगडात काय आहे? ना नाव, ना चेहरा. चढवला. खाली इमानदारीत लिहिलंही: "मापासाठी लहान मुलाची चप्पल, सोळा सेंटिमीटर." आणि हे पान लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याला उघडून कुणी दिलं होतं? जावयानेच. नवा दगड चढला की जावयाच्या फोनमध्येही घंटी वाजायची, हे हा शहाणा पार विसरून गेला होता.

"असे पांढरे का पडलात?" बायकोने दारातून विचारलं.

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. तिने चष्मा लावला, वाचलं, आणि तिला काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

"ठमीची चप्पल ही."

"हो."

"तुम्ही काढलात फोटो?"

"हो."

"आणि इथे टाकलात. जागेसकट."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीचा दांडा धरून खाली बसली आणि म्हणाली, "दाराला सतरा कुलपं लावली हो पोरीने. किल्ली तुम्ही वाटलीत."

लेकीला फोन लावला. बंद. कपडेधुलाईत कामाच्या वेळी फोन कपाटात ठेवायचा नियम होता, दोनपर्यंत तो लागणारच नव्हता. त्याने पुन्हा लावला. पुन्हा लावला. अकरा वेळा लावला, आणि प्रत्येक वेळी फोनमधली बाई शांतपणे सांगत होती की हा क्रमांक सध्या बंद आहे. बाराव्या वेळी बायकोने फोन हातातून हिसकावला आणि ताईंना लावला.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. एक शब्दही टोचून बोलल्या नाहीत. "फोटो पुसलात?"

"आत्ता पुसतो."

"नको! आता पुसलात तर त्याची खात्रीच पटेल. हात लावू नका. मी बघते."

पाऊण तास गेला. घड्याळ समोर होतं, पण मोजणीदाराला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. बायको या खोलीतून त्या खोलीत जात होती आणि रिकाम्या हाताने परत येत होती. दहा वाजता ताईंचा फोन आला.

"काका, तुमची लेक माझ्या गाडीत आहे. इस्पितळाच्या मागच्या दाराने काढलं तिला. पण तो येऊन पोचलाय. इमारतीच्या फाटकासमोर राखाडी गाडी आहे, काच खाली करून बसलाय. पहाटेपासून आहे म्हणे. कितव्या मजल्यावर ते त्याला माहीत नसावं, म्हणून बघत बसलाय."

"ठमी?"

"ठमी तळमजल्यावरच्या पाळणाघरात आहे. आतल्या खोलीत ठेवायला सांगितलंय. पण फाटक एकच आहे, काका. त्याच्या नाकासमोरून पोर बाहेर काढता येत नाही. दुपारी मुलं अंगणात सोडतात, किती वेळ कोंडून ठेवणार?"

"पोलिस?"

"सांगितलंय. रस्त्यावर गाडी उभी करणं गुन्हा नाही म्हणतात. त्याला जवळ यायला मनाई करणारा कोर्टाचा कागद जुन्या पत्त्याचा आहे. नवा पत्ता घातला असता तर तो त्यालाही कळला असता, म्हणून घातला नाही." त्यांचाही आवाज आता कापत होता. "तासभर, अर्धा तास, ती गाडी तिथून हलली पाहिजे. एवढंच हवंय."

"मी येतो."

"तुम्ही बसने पोचाल तीन तासांनी, आणि तुमच्या मागोमाग तो थेट खोलीत शिरेल. नाही काका. तुम्ही काहीही करू नका."

काहीही करू नका. जन्मात कुणी त्याला इतकं मोठं काम सांगितलं नव्हतं. तो भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. आपण जन्मालाच आलो नसतो तर पोरगी सुखी असती, असं त्याला अगदी सरळ वाटलं. बायकोने कपाटातून कागदी पिशवी काढून टेबलावर ठेवली. का ठेवली ते तिलाही सांगता आलं नसतं. पिशवीत ठमीच्या चपला होत्या. मागच्या भेटीत लेकीने दिल्या होत्या, बक्कल तुटलंय, तुमच्या ओळखीच्या चांभाराकडून लावून आणा म्हणून. चांभाराने बक्कल लावलं होतं आणि बदकाच्या रिकाम्या डोळ्यात काळा मणीही बसवला होता.

मोजणीदार चपलांकडे बघत राहिला. मग त्याने मान वर केली.

"मी टाकीच्या टेकडीवर जातो."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"तिथे दगड आहे. चप्पल ठेवून फोटो काढतो, जागेसकट चढवतो. लिहितो की कालची जागा चुकली होती, खरी ही. पोर इथे आहे असं त्याला वाटेल."

"आणि तो ठेवील विश्वास?"

"आकड्यावर ठेवील," मोजणीदार म्हणाला. जावई चारचौघांत नेहमी त्याची फिरकी घ्यायचा: बाबा एखादवेळ खोटं बोलतील, बाबांचा आकडा बोलणार नाही. आयुष्यभर खरं मोजल्याची एवढीच काय ती पुंजी होती, आणि ती मोडायची वेळ आली होती.

बायकोने विचारलं, "आणि तो तिथे आला म्हणजे?"

"यायलाच हवा."

ती आत गेली, मफलर घेऊन आली आणि त्याच्या गळ्यात अडकवला. "वर वारा असतो," एवढंच म्हणाली.

टॅक्सीने पंचवीस मिनिटं लागली. टेकडीवर शहराची पाण्याची टाकी, तिच्यामागे थोडं गवत, एक सिमेंटचं बाकडं आणि दगड. वर जायला पायऱ्या आहेत. पूर्वी इथे आला की तो त्या मोजायचा आणि दर वेळी दोनशे बाराच निघाल्या याचा त्याला आनंद व्हायचा. आज मोजल्या नाहीत. मधेच छातीत कळ आली तेव्हा कठड्याला धरून उभा राहिला, देवाला म्हणाला, आत्ता नको रे बाबा, दोन तासांनी काय ते कर.

एक चप्पल दगडाला टेकवली, दुसरी जरा लांब, पोराने भिरकावल्यागत गवतात टाकली. पहिले चार फोटो वायाच गेले. पाचवा ठीक आला. मग बाकड्यावर बसून त्याने बोटाने एकेक अक्षर लिहिलं:

"दगड क्रमांक २१४: दुरुस्ती. काल नोंदलेली जागा चुकीची आहे, चढवताना दुसऱ्या फोटोची जागा त्याला लागली. बरोबर जागा ही. फोटो आजचा, सकाळी ११.०५. मापासाठी तीच चप्पल. मालकीण गवतात अनवाणी. चुकीबद्दल दिलगीर आहे."

अडतीस वर्षांत त्याच्या नावावर एक दुरुस्ती नव्हती. जावयाच्या त्या ओळीला त्याने उत्तर दिलं नाही, जणू पाहिलीच नाही. डोळे मिटून बटण दाबलं.

पाच मिनिटांत पानावर उत्तर आलं. जावयाचं नव्हे. खात्यातला त्याचा जुना जोडीदार, ज्याला सगळे ओळंबा म्हणत, कारण तो कधी एक सूतही वाकत नसे, त्याने लिहिलं होतं: "अहो फूटपट्टी, चुकताय! हा टाकीचा दगड, वहीतला नववा. माथ्याचा कोपरा उडालेला आहे, ओळखू येतो. कालचा दगड वेगळा आहे."

मोजणीदाराच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने ओळंब्याला फोन लावला.

"काय, पकडलं की नाही?" ओळंबा खुशीत होता. "म्हातारचळ लागला की काय रे तुला?"

"पूस ते. आत्ताच्या आत्ता पूस."

"पण दगड तर धडधडीत..."

"अरे, पाया पडतो तुझ्या! माझ्या लेकीच्या जिवावर बेतलंय. पूस!"

मग फोन बंद झाला. मोजणीदार पडद्याकडे बघत राहिला. ती ओळ तिथे होती, होती, अजून होती. मग नाहीशी झाली. तिच्या जागी दुसरी आली: "माझीच चूक. मी स्वतः जाऊन पाहिलाय हा दगड. फूटपट्टीचा आकडा चुकत नाही." ओळंब्याने एक प्रश्न विचारला नाही. पण खरं असं सहा मिनिटं उघड्यावर उभं होतं, आणि त्या सहा मिनिटांत ते कुणी वाचलं, कुणी नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता.

साडेअकरा वाजता ताईंचा निरोप आला: गाडी तिथेच. पावणेबारा: तिथेच. फोन बघतोय. बारा वाजले. मोजणीदार बाकड्यावरून उठला, दगडाभोवती फिरला, परत बसला. म्हणजे त्याने वाचलं. ओळंब्याचं वाचलं. आता तो गालात हसत असेल, आणि आत अंगणात मुलं सोडायची वेळ होत आली असेल. "ये रे," तो मोठ्याने म्हणाला. "ये ना, मेल्या. मी इथे आहे." टेकडीवर दुसरं कुणी नव्हतं.

बारा वाजून सात मिनिटांनी ताईंचा निरोप आला. एकच शब्द होता: गेली.

त्याला रडू आलं नाही. तो गवतात चपलेशेजारी बसून राहिला.

पाऊण वाजता अनोळखी नंबरावरून फोन आला.

"बाबा."

"बोल, बाळ."

"ठमी माझ्या मांडीवर आहे. निघालो आम्ही." मागे गाडीचा आवाज होता. तिचा आवाज मात्र एखादा अर्ज वाचून दाखवावा तसा होता. "बाबा, या वेळी कुठे जातेय ते तुम्हाला सांगणार नाही. आईलाही नाही. हा नंबरही आज बंद होईल."

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"रागावून नाही सांगत."

"रागाव की. रागवायलाच हवंस."

"राग आहेच, बाबा. तो नंतर बघू." मग तिचा आवाज फुटला. "मला तुमची भीती वाटायला लागलीय. मुद्दाम करणार नाही तुम्ही, मला माहीत आहे. पण तुम्हाला एखादी जागा कळली ना, की ती कुठेतरी लिहिली जातेच."

किती दिवस, असं विचारायचं होतं. घाटाकडे की समुद्राकडे, एवढं तरी, असं जिभेवर आलं होतं, आणि त्याने जीभ चावली.

"आजोबा!" मधेच ठमीचा आवाज आला. "बदकाला डोळा लावला?"

"लावला गं, राणी. काळा मणी."

"मग आण ना."

फोन बंद झाला.

आता घरी जायला काही हरकत नव्हती. बायकोचे तीन फोन येऊन गेले होते, ती काय म्हणणार ते न उचलताच कळत होतं, उतरा खाली, झालं काम. पण तो उठला नाही. टेकडी रिकामी दिसली तर जावई दोन मिनिटांत मागे फिरेल. त्याला दहा मिनिटं थोपवलं तर लेकीची गाडी दहा किलोमीटर पुढे जाते, वीस मिनिटं थोपवलं तर वीस. एवढं गणित त्याला अजून येत होतं.

दोनला दहा मिनिटं कमी असताना पायऱ्यांवर बूट वाजले. जावई वर आला, जरासा धापा टाकत, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने टाकीमागे पाहिलं, गवतात पाहिलं, बाकड्याखाली पाहिलं.

"बाबा! एकटेच? मालकीण कुठे गेली?"

"बस. दमला असशील."

"बसायला नाही आलो." तरी तो शेजारी बसला आणि खांद्यावर हात टाकला. बोटं गळ्याजवळच्या हाडात रुतत गेली. "कुठे आहेत दोघी?"

"मला माहीत नाही."

जावई हसला. "तुम्हाला? कुठला दगड कुठे आहे ते झोपेत सांगाल तुम्ही. आणि लेक कुठे आहे ते माहीत नाही?"

त्याने मोजणीदाराच्या हातातून फोन काढून घेतला, म्हाताऱ्याचाच अंगठा धरून तो उघडला आणि सगळं चाळलं. निरोप, फोटो, नकाशा. दुपारचा तो अनोळखी नंबर त्याने तीनदा लावला. बंद. ताईंचा 'गेली' हा शब्द वाचला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची साखर पार विरघळली. मफलर धरून त्याने म्हाताऱ्याला उठवलं आणि दगडावर आदळलं. चष्मा उडाला. कपाळावरून काहीतरी कोमट खाली आलं.

"मला फसवलंत. आकडा खोटा दिलात तुम्ही!"

"दिला."

"आता खरा द्या. कुठे नेलंय त्यांना? द्या आकडा!"

"मला माहीत नाही," मोजणीदार म्हणाला, आणि आता मात्र तो रडायला लागला, लहान पोरासारखा, नाक पुसायचं भान नाही. "तिने नाही सांगितलं. मला नाही सांगत ती आता. माझ्यामुळे झालं ना हे, म्हणून मला कधीच नाही सांगणार. मार हवं तर. मला खरंच माहीत नाही रे."

जावयाने त्याचा चेहरा वर करून बराच वेळ न्याहाळला. या माणसाची त्याने वर्षानुवर्षं चेष्टा केली होती, की याला साधी थाप मारता येत नाही. हळूहळू त्याची पकड ढिली झाली. इथवर येऊन काही मिळणार नाही, हे त्याला कळलं होतं.

"तुम्हालासुद्धा नाही," तो म्हणाला. फोन गवतात फेकून तो भराभरा पायऱ्या उतरला. खाली गाडीचं दार आपटलं.

मोजणीदार चाचपडत राहिला. आधी चष्मा सापडला, एका काचेचा. मग फोन. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. लेकीला निघून दोन तास होत आले होते. एवढ्या वेळात शंभर किलोमीटर तरी. नकाशावर तेवढ्या अंतराचं वर्तुळ काढता आलं असतं. त्या वर्तुळात ती कुठे आहे ते कुणालाच सांगता आलं नसतं, जावयाला नाही आणि यालाही नाही.

हातातला फोन वाजला. बायको.

"अहो! तुम्ही ठीक आहात ना?"

"आहे. आला होता. गेला."

"मारलं का हो?"

"नाही फारसं. त्या सुटल्या. ठमी बोलली माझ्याशी."

पलीकडे ती हुंदके द्यायला लागली, आणि तो ऐकत बसला. दोन्ही चपला त्याने मांडीवर घेतल्या होत्या आणि मफलरच्या टोकाने बदकावरचा रक्ताचा थेंब पुसत होता.

"कुठे नेलंय त्यांना?" तिने जरा सावरून विचारलं.

"माहीत नाही."

"विचारलं नाहीत?"

"नाही."

"तिने आपणहून सांगितलं असेल ना काहीतरी?"

"नाही सांगितलं. सांगणार नाही म्हणाली. तुलाही नाही."

मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "मग त्या चपला कुठे द्यायच्या हो?"